वाळूचा कण आणि वर्षाचा टक्का

म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, कावेरीच्या वळणावर तलकाड वसले आहे. एके काळी ही गंग राजांची राजधानी होती. पुढे होयसळ राजा विष्णुवर्धनाने चोळांकडून हे नगर जिंकले आणि तेथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. आज मात्र येथील जुन्या मंदिरांकडे वाळूच्या टेकड्यांमधून जावे लागते. पाताळेश्वराच्या दर्शनासाठी तर पायऱ्या उतराव्या लागतात. लोककथा याचे कारण अलमेलम्माच्या शापात शोधते. अभ्यासक नदीवरील जुना बंधारा, उघडे पडलेले पात्र आणि वारा यांकडे बोट दाखवतात. कारण कोणतेही असो, एका दिवसात आलेली वाळू कोणाच्या नजरेत भरली नसेल. शतकांच्या ओघात तिने राजधानी झाकली.

दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत वार्षिक खर्चाचा टक्का असाच नकळत साचतो. समजा, १ लाख रुपये ३० वर्षांसाठी गुंतवले आणि खर्च वजा होण्यापूर्वी वार्षिक वाढ १० टक्के धरली. वर्षाचा खर्च ०.२ टक्के असेल, तर अखेरीस सुमारे १६.५ लाख रुपये होतात. तोच खर्च २ टक्के असेल, तर हाती सुमारे १० लाख रुपये येतात. १० टक्के हा केवळ हिशेबासाठी धरलेला दर आहे; बाजार असे कोणतेही वचन देत नाही. परंतु खर्च निश्चित असतो. बाजार चढो वा पडो, तो वजा होतोच.

हा खर्च कमी ठेवण्याचा सरळ मार्ग म्हणजे निर्देशांक निधी, अर्थात इंडेक्स फंड. मुंबई शेअर बाजाराच्या सेन्सेक्समध्ये ३० आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निफ्टीमध्ये ५० कंपन्या असतात. निर्देशांक निधी त्याच कंपन्यांचे समभाग त्याच प्रमाणात घेतो. कोणता समभाग वधारेल याचे भाकीत करण्यासाठी तज्ज्ञांचा ताफा लागत नाही, खरेदी-विक्रीही मर्यादित राहते. म्हणून खर्च कमी येतो. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सर्वसामान्यांसाठी असा निधी सुरू केला, तेव्हा १५ कोटी डॉलरची अपेक्षा असताना जेमतेम १.१ कोटी डॉलर जमले होते. पुढे हीच कल्पना जगभर रुजली. भारतात २००० च्या सुमारास असे निधी आले. जानेवारी २०१३ पासून सर्व म्युच्युअल फंडांत मध्यस्थाविना घेता येणारी ‘थेट योजना’ उपलब्ध झाल्याने खर्च आणखी घटला.

निर्देशांक निधी म्हणजे सुरक्षित ठेव मात्र नव्हे. जानेवारी २००८ मध्ये २१,००० वर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ८,००० च्या खाली आला आणि जुनी पातळी दिसण्यास नोव्हेंबर २०१० उजाडला. घसरणीत घाबरून विक्री करणाऱ्यांचा तोटा कायमचा झाला. थांबलेल्यांचा भरून निघाला. कंपन्याही बुडतात. हिशेबातील घोटाळा उघड झाल्यानंतर जानेवारी २००९ मध्ये ‘सत्यम’ सेन्सेक्समधून वगळली गेली. निधीधारकांना त्या समभागाची घसरण सोसावी लागली. परंतु ३० कंपन्यांतील ती एक होती आणि तिची जागा दुसऱ्या कंपनीने घेतली. सारी पुंजी त्याच एका समभागात ठेवणाऱ्यास हा आधार नव्हता.

यावरून गुंतवणूकदाराने काही पथ्ये पाळावीत. किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि नजीकच्या वर्षांत लागणारी रक्कम बँकेतील ठेवीतच ठेवावी. दहा-पंधरा वर्षे हात लावावा लागणार नाही, तेवढीच रक्कम निर्देशांक निधीत दरमहा ठरावीक हप्त्याने गुंतवावी. निधी निवडताना मागील वर्षाच्या परताव्याआधी खर्चाचे प्रमाण पाहावे, तसेच निधी निर्देशांकापासून किती मागे राहतो तेही तपासावे. योजनेच्या माहितीपत्रकात हे आकडे दिलेले असतात.

वाळू दाराशी येते तेव्हाच ती झाडणे सोपे असते. खर्चाचा टक्काही गुंतवणुकीच्या पहिल्याच दिवशी पाहून घ्यावा. तिसाव्या वर्षी पाहून तो परत मिळत नाही.