अंतराळांतील वाफसा

बीं कसेंहि पडो, मूळ खालीं आणि कोंब वर जातो. हें आपणां शेतकऱ्यांस इतकें परिचित आहे कीं, त्याचें कारण आपण सहसा पुसत नाहीं. मुळाच्या टोकाशीं असलेल्या पेशींत पिष्टाचे सूक्ष्म कण असतात. पृथ्वीच्या ओढीनें ते तळाशीं बसतात व त्यावरून मुळास खालची दिशा कळते. ही ओढ जाणवेनाशी झाल्यास रोपाचें काय होईल, हें दीर्घकाळ पाहण्याची सोय अंतराळस्थानकामुळें झाली.

पहिलें स्थानक ‘साल्यूत १’ हें सोव्हिएत संघानें १९७१ च्या एप्रिलांत सोडलें. पृथ्वीभोंवतीं फिरतांना स्थानक व त्यांतील वस्तु एकाच गतीनें सतत पडत असतात, म्हणून तेथें वजन भासत नाहीं. जूनमध्यें तेथें राहिलेल्या तिघां अंतराळवीरांनीं एका लहानशा पेटींत जवसाचीं रोपें वाढविलीं. परततांना यानांतील हवा निघून जाऊन ते तिघेहि मृत्यु पावले. तथापि आरंभिलेलें कार्य थांबलें नाहीं. १९८२ सालीं ‘साल्यूत ७’ वर मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिस ह्या रोपट्यास फुलें व बीं धरलें. ह्याच स्थानकावर १९८४ च्या एप्रिलांत आपले राकेश शर्मा राहून आले.

दिशेची अडचण बरीचशी प्रकाशानें भागते, कारण कोंब दिव्याकडे वळतो. पाण्याची अडचण अधिक कठीण आहे. तेथें पाणी खालीं निथरत नाहीं. तें मुळांस चिकटून राहतें. हवा मुळांपर्यंत पोहोंचत नाहीं व ओलावा विपुल असूनहि रोप गुदमरतें. सारांश, तेथें वाफसा आपोआप येत नाहीं. तो यंत्रानें आणावा लागतो.

आपल्या पनवेलकडील खाचरांतहि ह्याच तत्त्वाचा अनुभव येतो. भाताच्या देठांत व मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून तें सांचलेल्या पाण्यांत तग धरतें. भातामागून पेरलेल्या वालास ती सोय नाहीं. ओलीच्या खाचरांत वाल पिवळा पडला म्हणजे आपण रोग समजून औषध आणतों, किंवा खत वाढवितों, आणि पैसा व्यर्थ जातो. प्रथम एक रोप उपटून पाहावें. मुळें काळीं, मऊ व दुर्गंधियुक्त असल्यास चर काढून पाणी बाहेर काढावें. पुढील सालीं जमीन वाफशावर आल्यावांचून पेरणी करूं नये.

अंतराळांत ज्या वाफशासाठीं एवढा खटाटोप करावा लागतो, तो आपणांस पृथ्वीची ओढ फुकट देते. आपण पाण्याची वाट तेवढी मोकळी ठेवावी.