यवतमाळच्या उन्हात मूर्वेद्र

यवतमाळ म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन. इथं रेड वाइनच्या बाटल्या वर्षानुवर्षं मुरत ठेवणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना जरा सरकलेलाच वाटतो, आणि त्यांचं फारसं चुकतं असंही नाही. माझा भाचा अ‍ॅडलेडला असतो. येताना कस्टमच्या दोन लिटरच्या सवलतीत बसतील तेवढ्या बाटल्या आणतो. त्यांतल्या मूर्वेद्र द्राक्षाचा मला नाद लागला. या नादात जे हाती लागलं ते असं.

१. तळघराचा विचार डोक्यातून काढून टाका. वाइनचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘अहो, जुन्या वाड्याचं तळघर बघा, नाहीतर पेव उकरा.’ ऐकायला बरं वाटतं. पण जमिनीत खोल गेलं की मातीचं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीवर येऊन थांबतं. फ्रान्सच्या द्राक्षपट्ट्यांत ही सरासरी ११ ते १४ अंशांच्या आसपास असते, म्हणून तिथली तळघरं वाइनला आयतीच मानवतात. आपल्याकडे ती २६-२७ अंशांच्या घरात जाते. मे महिन्यातल्या ४४ अंशांपुढे हे कितीही सुखाचं वाटलं, तरी वाइन तिथं मुरत नाही, घाईघाईनं म्हातारी होते. तिला १२-१४ अंश लागतात, आणि तेही बाराही महिने, चढउतार न होता.

२. म्हणजे फ्रीज आला. इथं दुकानदार काय सांगतो त्याच्याकडे लक्ष देऊ नका, आत कॉम्प्रेसर आहे का तेवढं विचारा. आवाज न करणारे, नाजूक दिसणारे वाइनचे छोटे फ्रीज मिळतात. त्यांत बहुधा कॉम्प्रेसर नसतो, आणि ते बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंशच खाली उतरू शकतात. पुण्यात भागतं. आमच्याकडे दुपारी खोलीत ४० अंश असताना आत किती राहतील, हिशेब सोपा आहे. सोबत स्टॅबिलायझर हवाच. वीज गेली तर दार उघडून ‘गार आहे का’ बघायचं नाही. बंद दारामागे भरलेल्या बाटल्या आपला गारवा बराच वेळ धरून ठेवतात. वाइनचा फ्रीज परवडत नसेल तर घरचा साधा फ्रीज सगळ्यात कमी गारव्यावर ठेवून त्यात बाटल्या आडव्या करा. ४-५ अंशांत वाइन मुरायची जवळजवळ थांबते, पण बिघडत नाही. ४० अंशांत बिघडते.

३. बाटली कुठल्या वाटेनं येते हेही पाहावं लागतं. नागपूरला विमानातून उतरून यवतमाळचा सरळ रस्ता धरला की वर्धा जिल्हा लागतो, आणि तिथं दारूबंदी आहे. भाचा म्हणतो, ‘मामा, सीलबंद आहे, काय होतं?’ होऊ शकतं. म्हणून त्याला मुंबईहून रेल्वेनं बोलावतो. गाडी पुढं वर्ध्याला जाते, हा आधीच धामणगावला उतरतो. धामणगाव अमरावती जिल्ह्यात. तिथून बाभुळगावमार्गे घर. शिवाय महाराष्ट्रात दारू बाळगायला परवाना लागतो, तो काढून ठेवलेला बरा.

४. प्रवासानंतर बाटलीला तीन-चार आठवडे हात लावू नये. गाळ ढवळलेला असतो.

५. बुचाबद्दल माझं मत वाइनवाल्या मंडळींना आवडत नाही. एप्रिलमध्ये आमच्या हवेत ओलावा इतका कमी असतो की ओठ फुटतात. उभ्या ठेवलेल्या बाटलीचं बूच वाळतं, आकसतं आणि हवा आत शिरते. कूलरच्या खोलीत ठेवावी तर उलट कथा, लेबलावर बुरशी. बाटली आडवी ठेवली की बूच आतून ओलं राहतं, हा नेहमीचा उपाय आहेच. पण ऑस्ट्रेलियन बाटल्यांना बहुतेक वेळा फिरकीचं झाकण असतं, आणि विदर्भासाठी मला तेच पसंत. बूच काढतानाचा तो ‘पक्’ आवाज मी सोडून दिला.

६. मुरवण्याजोगी वाइन मुळात थोडीच असते. नाशिककडच्या बहुतेक रेड वाइन दोन-तीन वर्षांत प्यायच्या असतात. त्या जपून ठेवण्यात शहाणपण नाही. अकलूजच्या फ्रातेली वाइनरीची ‘सेत्ते’ हा अपवाद, ती थांबू शकते. पण मूर्वेद्रची गोष्टच वेगळी. जाड सालीचं, उशिरा पिकणारं, ऊन मागणारं द्राक्ष. त्यात टॅनिन भरपूर, त्यामुळे तरुणपणी जीभ आवळून धरतं. त्याचं खरं घर दक्षिण फ्रान्समधलं समुद्राकाठचं बाँदोल. १९४१ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. तिथल्या रेडमध्ये निम्म्याहून कमी मूर्वेद्र चालत नाही, आणि बाटलीत भरण्याआधी ती किमान १८ महिने लाकडात ठेवावी लागते. हे द्राक्ष तिथून जवळजवळ हद्दपार झालं होतं. ते परत आणण्यात तिथल्याच दोमेन ताँपिए या वाइनरीच्या ल्युसियाँ पेरो यांचा वाटा मोठा. लेबलावर स्पेनमध्ये ‘मोनास्त्रेल’, ऑस्ट्रेलियात बऱ्याचदा ‘मातारो’ दिसेल. द्राक्ष तेच.

७. चांगली बाँदोल १०-१५ वर्षं सहज चालते, त्याहूनही जास्त. पण विमानतळाच्या डांबरावर, गाडीच्या डिकीत, वीज गेलेल्या दुपारी तिचं किती आयुष्य खर्च झालंय हे बाटली सांगत नाही. म्हणून पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या निम्म्यातच मी उघडतो. त्याआधी बूच वर आलंय का, मानेशी चिकट ओघळ आहे का, हे बघतो. दिसलं तर ती बाटली त्याच आठवड्यात संपवायची.

८. उघडल्या उघडल्या नाक मुरडू नका. मूर्वेद्रला हवा कमी मिळालेली असते. पहिला वास उकडलेल्या अंड्याचा, गोठ्याचा येऊ शकतो. आदल्या दिवसापासून उभी करून ठेवलेली बाटली मोबाइलच्या उजेडात सावकाश काचेच्या जगमध्ये ओतायची, गाळ मानेपाशी आला की थांबायचं. तासाभरानं परत वास घ्या. इंग्रजी पुस्तकं चामडं, अंजीर, जंगलातली जमीन असं काय काय सांगतात. मला जुन्या बाटलीत वाळवलेली मोहफुलं सापडतात. केळापूरकडे अंगणात पसरलेली असतात, तसा गोडसर, किंचित आंबूस वास. मागून पहिल्या सरीत भिजलेला सागाचा पालापाचोळा. ज्यानं हे वास लहानपणापासून घेतलेत त्याला चव सांगायला फ्रेंच शब्द कशाला लागतात?

९. ‘रूम टेम्परेचरला द्या’ हा सल्ला यवतमाळसाठी नाही. १६-१८ अंशांवर प्या. आणि शक्यतो डिसेंबर-जानेवारीतच उघडा.

१०. झणझणीत वऱ्हाडी रश्श्याबरोबर ही वाइन नको. तिखट आणि टॅनिन एकमेकांना चढवतात, तोंडाची आग होते आणि दोन्ही वाया जातात. मटण करायचं तर सुकं, मिरचीचा हात आखडून, खोबरं-खसखस जरा जास्त घालून. पण माझ्या लेखी खरी जोडी रोडग्यांची. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, फोडून तुपात बुडवलेले रोडगे आणि सोबत वांग्याची भाजी. तूप टॅनिनची धार बोथट करतं आणि धुराचा वास वाइनमधल्या धुराला जाऊन मिळतो. पाहुण्यांमध्ये ज्यांना वाइन नको त्यांना आग्रह करत नाही. उरलेली मूर्वेद्र दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा जास्तच चांगली लागते.