नुसतं ‘100’ लिहिलं तर काय बिघडतं?



मूल वहीत उत्तर लिहितं, 100. सेमी की मीटर, पत्ताच नाही. आपण अर्धा गुण कापतो आणि ते विचारतं, “पण बाई, आकडा तर बरोबर आहे ना?” त्याला द्यायला लिनक्समधलं एक खरं उदाहरण आहे. कोडिंग शिकणाऱ्या मोठ्या मुलांना तर जरूर सांगा.

संगणकाला जोडलेल्या उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो उपकरणाला काम सांगतो आणि उत्तराची वाट बघतो. जास्तीत जास्त किती वेळ बघायची, तो टाइमआउट.

लिनक्सच्या कर्नलमध्ये हा वेळ बऱ्याच ठिकाणी ‘जिफी’त द्यावा लागतो. जिफी म्हणजे कर्नलच्या घड्याळाचा एक ठोका. सेकंदाला किती ठोके, ते ‘एचझेड’ हा आकडा ठरवतो आणि तो सगळीकडे सारखा नसतो. 100, 250, 300, 1000, काहीही असू शकतो. आता एकाला 100 मिलिसेकंद थांबायचंय आणि त्याने नुसतं 100 लिहिलं. एचझेड 1000 असेल तर बरोबर. 250 असेल तर 400 मिलिसेकंद होतात, आणि 100 असेल तर चक्क एक सेकंद! लिहिणाऱ्याच्या मशीनवर एचझेड 1000 असेल तर त्याला चूक कधी दिसतच नाही. म्हणून मिलिसेकंदांच्या जिफी करून देणारं ‘एमसेक्स टू जिफीज’ हे तयार फंक्शन वापरायचं.

मग सगळीकडे तेच वापरूया? नाही! यूएसबीच्या कंट्रोल मेसेजचं फंक्शन टाइमआउट मिलिसेकंदातच घेतं. तिथे ‘एक सेकंद’ समजून कित्येक ड्रायव्हरांनी एचझेड लिहून ठेवलं होतं. एचझेड 100 असलं की सेकंदाच्या जागी जेमतेम 100 मिलिसेकंद मिळायचे. 2021 मध्ये अशा बऱ्याच जागा दुरुस्त झाल्या. दोन फंक्शनं शेजारी-शेजारी आणि एककं वेगळी, म्हणजे आपल्या मुलांची लिटर-मिलिलिटरची गडबडच की!

वर्गात फळ्यावर विचारून बघा : एचझेड 250 असताना 500 मिलिसेकंदांच्या जिफी किती? 125. एचझेड 100 असताना? 50. आता एचझेड 100 च ठेवून 5 मिलिसेकंद द्या. उत्तर अर्धा ठोका येतं आणि मुलं अडतात. अर्धा ठोका मोजता येत नाही, म्हणून ते फंक्शन तो वर घेऊन 1 करतं. खाली शून्य का नाही केलं, हे मुलांनाच शोधू द्या. शून्य म्हणजे वाट बघणंच नाही, हे कुणीतरी बोलतंच.