दीडशे वर्षे हरवलेला दगड

मनुष्य पृथ्वीवर किती काळ वावरत आहे, हा वाद मिटवण्यात एका दगडाचा मोठा वाटा होता. पुढे तोच दगड सुमारे दीडशे वर्षे विस्मृतीत पडून राहिला!

प्रथम थोडी मागची हकीकत. १७९७ साली इंग्लंडमधील हॉक्सन या गावी विटांची माती खणताना जॉन फ्रीअर यांना सुमारे १२ फूट खोलीवर चकमकीच्या दगडाच्या हातकुऱ्हाडी आढळल्या. मजुरांनी तर त्या टोपल्या भरभरून रस्त्याच्या चाकोऱ्या बुजवण्यासाठी टाकल्या होत्या! हत्यारांच्या वरच्या थरात एका अनोळखी, प्रचंड प्राण्याचे हाड होते. वरचा थर नंतर साचतो. म्हणजे हत्यारे त्याहूनही जुनी. फ्रीअर यांनी हे लंडनच्या पुरातत्त्व मंडळाला कळवले, १८०० मध्ये ते छापलेही गेले. पण मनुष्याचे वय सहा हजार वर्षे मानण्याचा तो काळ. लक्ष कोण देणार? हत्यारे कपाटात गेली.

२७ एप्रिल १८५९ रोजी मद्याचे व्यापारी व भूशास्त्रज्ञ जोसेफ प्रेस्टविच आणि कागद-कारखानदार जॉन एव्हान्स फ्रान्समधील सेंट अश्युलच्या खाणीत उतरले. सुमारे १७ फूट खोल, अस्पर्शित थरात रुतलेली हातकुऱ्हाड त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेतले. हे महत्त्वाचे. मजुराने हातात आणून दिलेल्या दगडाविषयी शंका घेता येते, थरातल्या दगडाविषयी घेणे कठीण. लंडनला परतल्यावर एव्हान्सना मंडळाच्या इमारतीत तशीच हत्यारे दिसली. ती फ्रीअर यांचीच होती!

मग प्रेस्टविच यांची हातकुऱ्हाड कुठे गेली? छायाचित्र प्रसिद्ध झाले, दगड मात्र नजरेआड. अखेर क्लाइव्ह गॅम्बल व रॉबर्ट क्रुझिन्स्की यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील प्रेस्टविच-संग्रह धुंडाळला. एका दगडावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती: त्यावर ठिकाण आणि २७ एप्रिल ५९ ही तारीख. २००९ साली त्यांनी हा शोध जाहीर केला.

तुम्ही प्रयोगवहीत तारीख घालायला कंटाळता, म्हणून हे मुद्दाम सांगितले. ती चिठ्ठी गळून पडली असती, तर तो दगड शेकडो दगडांतला एक ठरला असता.

सेंट अश्युलवरूनच अशा हत्यारांना ‘अश्युलियन’ म्हणतात. आपल्याकडे नेवाशाजवळ प्रवरेकाठी मिळालेली हत्यारेही याच नावाने ओळखली जातात. हॉक्सनची हत्यारे आज सुमारे चार लाख वर्षांपूर्वीची मानतात. फ्रीअर यांची एक हातकुऱ्हाड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.