ताटातला मासा आणि चार प्रश्न

प्रास्ताविक

समुद्रकिनाऱ्यावरील माणसाला मासा नवा नाही. बाजारातून आणलेला मासा घरी साफ करावा, वाटण लावावे आणि गरम भातासोबत खावा, ही कोकणातील आणि गोव्यातील जुनी रीत. महानगरात मात्र हाच मासा काचेची दारे, वातानुकूलित दालन आणि छापील भोजनपत्रिका यांच्यासह आपल्यासमोर येतो. अशा ठिकाणी प्रथमच जाणारा माणूस थोडासा बावरतो. पदार्थांची नावे अनोळखी असतात, दर कळत नाहीत आणि विचारावे तर अडाणी ठरू, अशी भीती वाटते. प्रस्तुत पाठात मुंबईतील आधुनिक मत्स्याहारगृहाचा परिचय करून दिला आहे. तेथे कोणते प्रश्न विचारावेत आणि ते का विचारावेत, याचाही विचार केला आहे. तुम्ही मासे खात नसलात, तरी ग्राहक म्हणून हा विचार तुम्हांला उपयोगी पडेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• मत्स्याहारगृहातील व्यवहाराचे वर्णन करू शकाल;
• ग्राहक म्हणून योग्य प्रश्न विचारू शकाल;
• आपली निवड आणि समुद्रातील मत्स्यसंपदा यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• प्रश्नार्थक शब्दांचा लिंगानुसार योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. खानावळीपासून मत्स्याहारगृहापर्यंत

मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करण्यासाठी कोकणातून हजारो माणसे आली. त्यांच्या जेवणाची सोय खानावळींनी केली. मालवणी आणि गोमंतकीय पद्धतीच्या खानावळींतून माशाचे कालवण, तळलेली तुकडी, भात आणि सोलकढी असे साधे जेवण मिळू लागले. पुढे मंगळूरकडच्या मंडळींनी नारळाच्या दाट रसाची गस्सी आणि मऊ नीर डोसा मुंबईकरांच्या परिचयाचा केला. आजचे आधुनिक मत्स्याहारगृह या सर्व परंपरांवर उभे आहे.

तेथील मांडणी मात्र निराळी असते. दर्शनी भागात बर्फावर मासे मांडलेले असतात. काही ठिकाणी काचेच्या टाकीत जिवंत खेकडे ठेवलेले असतात. वाढपी निवडलेला खेकडा तबकात घालून गिऱ्हाइकाला दाखवतो आणि होकार मिळाल्यावरच तो स्वयंपाकघरात जातो. एकाच भोजनपत्रिकेत रवा लावून तळलेले बोंबील, तंदुरी पापलेट आणि लोणी-मिरी-लसूण लावलेला खेकडा शेजारी शेजारी नांदतात. बोंबलाच्या अंगात पाणी फार असते. म्हणून तो चिरून, वजनाखाली दाबून, पाणी काढून मगच तळतात. कुरकुरीत बोंबलामागे हे कष्ट असतात.

२. चार प्रश्न

भोजनपत्रिका हाती आली की चार प्रश्न लक्षात ठेवावेत : कोणता, केव्हाचा, केवढा आणि केवढ्याला?

*कोणता?* एकाच माशाला प्रांतोप्रांती वेगळी नावे आहेत. महाराष्ट्रातील सुरमईला गोव्यात इसवण, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर अंजल आणि तमिळनाडूत वंजरम म्हणतात. उलट, एकसारख्या नावामागे वेगळे मासेही असू शकतात. हलव्याला कित्येकदा ‘काळे पापलेट’ म्हणतात. पण तो पापलेटच्या कुळातील नाही. भोजनपत्रिकेत केवळ ‘फिश फिले’ असे लिहिले असेल, तर तो मूळचा व्हिएतनामकडचा, गोड्या पाण्यात वाढवलेला बासाही असू शकतो. बासा खाण्यात काही गैर नाही. परंतु आपण काय खात आहोत, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

*केव्हाचा?* ताज्या माशाचे डोळे स्वच्छ व फुगीर असतात, कल्ले लालसर असतात आणि बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते. त्याला समुद्राचा वास असतो, कुजका नव्हे. अखंड मासा शिजवण्यापूर्वी पाहावयास मागणे यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ऋतूचाही विचार करावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर ही बंदी १५ एप्रिल ते १४ जून या काळात असते. पावसाळ्यात मुंबईच्या ताटातील मासा म्हणूनच बहुधा शीतगृहातला, दुसऱ्या किनाऱ्यावरचा किंवा तळ्यात वाढवलेला असतो. श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होडी पाण्यात लोटण्याची कोळी समाजाची प्रथा याच ऋतुचक्राशी जोडलेली आहे.

*केवढ्याला?* पापलेट, खेकडा, शेवंड यांच्यापुढे दराऐवजी ‘आकारानुसार’ किंवा ‘बाजारभावाप्रमाणे’ असे छापलेले असते. ही केवळ चलाखी नव्हे. कुलाब्याच्या ससून गोदीत (ही गोदी १८७५ साली बांधली गेली) आणि भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव होतो. वारा, भरती-ओहोटी आणि सणवार यांप्रमाणे तेथील भाव रोज बदलतो. परंतु भाव बदलता असला, तरी तो आधी सांगता येतोच. “या खेकड्याचे वजन किती? ते साफ करण्यापूर्वीचे की नंतरचे? याचे एकूण किती होतील?” हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने आपल्याला दिला आहे. देयक हाती आल्यावर कुरकुरण्यापेक्षा मागणी देताना विचारणे केव्हाही शहाणपणाचे.

३. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न

*केवढा?* हा प्रश्न आपण मुद्दाम शेवटी ठेवला आहे. वरवर पाहता तो पोट भरण्याचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो समुद्राच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

एका ताटात एक अखंड पापलेट मावावे, ते दिसावयास सुबक असावे आणि परवडावे, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. ही अपेक्षा लहान माशाची मागणी वाढवते. मागणी आहे म्हणून बारीक आसाची जाळी पाण्यात पडतात आणि एकदाही अंडी न घातलेली पिल्ले त्यांत सापडतात. बी पेरण्यापूर्वीच खाऊन टाकले, तर पुढच्या हंगामात शेतात काय उगवणार? समुद्राचेही तसेच आहे.

पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या पालघर जिल्ह्यातील सातपाटीसारख्या गावांना याची झळ प्रथम लागते. मोठे पापलेट मिळेनासे झाले, की होडीला दूर जावे लागते, इंधन अधिक जळते आणि हाती कमी येते. टोपली घेऊन बसणाऱ्या कोळिणीचे उत्पन्न घटते. वातानुकूलित दालनात बसलेल्या आपल्यापर्यंत मात्र ही हानी केवळ वाढलेल्या दराच्या रूपाने पोहोचते.

या संकटाची दखल शासनानेही घेतली आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या जलचरांसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान निश्चित केले. परंतु कायद्याचा पहारा प्रत्येक जाळ्यापाशी बसू शकत नाही. तळहाताएवढे पापलेट समोर आल्यावर, “हे फार लहान आहे, याऐवजी आज बांगडा द्या,” असे म्हणणारे गिऱ्हाईक जे करू शकते, ते पहाऱ्याला साधत नाही. मत्स्याहारगृहाचा मालक गिऱ्हाइकाचे ऐकतो, व्यापारी मालकाचे ऐकतो आणि व्यापारी जे घेत नाही, ते पकडण्यात नाखव्याला स्वारस्य उरत नाही.

चार शब्दांचे प्रश्न विचारण्यासाठी पदवी लागत नाही आणि परकी भाषाही लागत नाही. आपल्या भाषेत, नम्रपणे पण ठामपणे विचारलेला प्रश्न पुरेसा असतो. जो विचारतो तो फसत नाही. आणि या बाबतीत तो समुद्रालाही फसू देत नाही.

शब्दार्थ

भोजनपत्रिका – मेनूकार्ड. देयक – बिल. कालवण – पातळ रस्सा. शेवंड – लॉबस्टर. कल्ले – माशाचे श्वसनाचे अवयव. आस – जाळ्यातील छिद्र. नाखवा – होडीचा प्रमुख

भाषाभ्यास

‘कोणता’, ‘केव्हाचा’ आणि ‘केवढा’ हे प्रश्नार्थक शब्द पुढील नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात.
पुल्लिंग : केवढा खेकडा? केव्हाचा बांगडा?
स्त्रीलिंग : केवढी सुरमई? केव्हाची कोळंबी?
नपुंसकलिंग : केवढे पापलेट? कोणते कालवण?

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) सुरमईला तमिळनाडूत ......... म्हणतात.
(आ) पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना ......... दिवस मासेमारीची बंदी असते.
(इ) महाराष्ट्राचा राज्यमासा ......... हा आहे.

२. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बोंबील तळण्यापूर्वी वजनाखाली का दाबतात?
(आ) खेकड्यापुढे निश्चित दर का छापलेला नसतो?

स्वाध्याय

१. ‘केवढा हा प्रश्न समुद्राच्या भवितव्याचा आहे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. गिऱ्हाईक आणि वाढपी यांच्यातील आठ ते दहा वाक्यांचा संवाद लिहा. त्यात पाठातील चारही प्रश्न आले पाहिजेत.
३. तुमच्या भागातील बाजारात जाऊन कोणत्याही एका माशाची, भाजीची किंवा फळाची तेथील स्थानिक नावे, हंगाम आणि भाव यांची माहिती मिळवा व ती दहा ओळींत लिहा.

उत्तरसूची

१. (अ) वंजरम (आ) ६१ (इ) रुपेरी पापलेट
२. (अ) त्याच्या अंगातील पाणी निघून जावे म्हणून. (आ) खेकड्याचे आकारमान वेगवेगळे असते आणि लिलावातील भाव रोज बदलतो म्हणून.