रात्री तापायचा हीटर दुपारी का तापतो?

प्रश्न : मुलगी शिक्षणासाठी ग्लासगोला असते. तिच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या हीटरमध्ये म्हणे विटा आहेत. त्या रात्री स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर खोली ऊबदार ठेवतात. पण मीटर बदलून गेल्यापासून हीटर दुपारी तापतो, पहाटे गार पडलेला असतो आणि बिल जवळपास दुप्पट आलंय. घरमालक म्हणतात, हीटर जुना झालाय. नवा घ्यावा लागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यात नको. या हीटरच्या पोटात जड विटा असतात, त्यांच्यामध्ये तापणारी कॉइल आणि भोवती उष्णता धरून ठेवणारं जाड आवरण. वर दोन बटणं : एकाने किती उष्णता साठवायची ते ठरतं, दुसऱ्याने ती किती बाहेर सोडायची ते. जुन्या हीटरमध्ये घड्याळ नसतंच. वायरीत वीज आली की तापायचं, गेली की थांबायचं, एवढंच त्याला कळतं. वेळ चुकत असेल तर संशय आधी मीटरवर घ्यायचा.

ब्रिटनमध्ये १९७८ साली ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा दर आला. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, कारण मागणी उतरली तरी मोठी वीजकेंद्रं रोज बंद-चालू करणं परवडत नाही. (आपल्याकडे रात्रीची वीज म्हटली की कडाक्याच्या थंडीत पाणी द्यायला निघालेला शेतकरीच आठवतो!) हे सात तास सुरू झाले की मीटरजवळचा एक स्विच हीटरची लाइन चालू करतो आणि मीटर स्वस्त दरावर जातो.

त्या स्विचला वेळ कोण सांगतं, ही खरी गंमत. कुठे साधं टाइमस्विच असतं. जुनं असेल तर वीज जाईल तेवढं ते मागे पडतं, आणि दुरुस्त कुणी करत नाही. लाखो घरांत मात्र हा हुकूम रेडिओवरून यायचा : बीबीसी रेडिओ फोरच्या १९८ किलोहर्ट्झ लाँगवेव्हवर, कार्यक्रमाच्या आड, ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देता. इंग्लंडमधलं ड्रॉइटविच, स्कॉटलंडमधली वेस्टरग्लेन आणि बर्गहेड ही त्याची प्रक्षेपण केंद्रं. ३० जून २०२५ पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आणि त्यासाठी घरोघरचे मीटर बदलले जाऊ लागले. जिथे मीटर बदललाच नाही, तिथे हीटर कायम चालू, कायम बंद किंवा भलत्या वेळी चालू राहू शकतो. जिथे बदलला, तिथे कधीकधी जोडणीत घोळ होतो : हीटरची रात्रीची लाइन चोवीस तास चालू असलेल्या लाइनला जोडली जाते. तुमच्या वर्णनावरून मला शंका येते ती मीटर बदलतानाच्या अशाच एखाद्या घोळाची.

तरी खात्री करून घ्या. आधी मुलीला वीजकरार वाचायला सांगा, कारण स्कॉटलंडमधल्या काही योजनांत दुपारीही स्वस्त तास असतात. मग मीटरचे दोन्ही आकडे, दिवसाच्या दराचा आणि रात्रीच्या दराचा, झोपताना, उठल्यावर आणि संध्याकाळी असे तीनदा लिहून ठेवायचे. तीन किलोवॅटचा एक हीटर सात तासांत २१ युनिट खातो, त्यामुळे फरक लपत नाही. दुपारी हीटर तापताना रात्रीचा आकडा पुढे सरकत असेल, तर मीटरचं घड्याळच सरकलंय. गैरसोय आहे, पण पैसे बुडत नाहीत. दिवसाचा आकडा सरकत असेल, तर महागडी वीज विटांत भरली जातेय. बिल दुप्पट होतं ते असं.

उन्हाळ्यात ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे करतात, पण बरेच मीटर ग्रीनिच वेळेवरच चालतात. त्यामुळे साडेबारा ते साडेसातची सवलत तेव्हा दीड ते साडेआठ अशी होते. हा बिघाड नव्हे. नव्या हीटरमध्ये मात्र स्वतःचं घड्याळ असतं. ते मीटरशी जुळत नसेल तर रोज तासाभराची वीज महागात पडते.

दुरुस्ती होईपर्यंत भिंतीवरचा हीटरचा स्विच स्वस्त तास सुरू होताना चालू आणि संपताच बंद करावा. मीटरचं सील मात्र तोडू नये, आणि हीटरवर कपडे वाळत घालण्याचा मोह तर अजिबात नको, आग लागू शकते.

मीटर आणि त्याचं घड्याळ ही वीज कंपनीची जबाबदारी, हीटर आणि घरातली वायरिंग घरमालकाची. म्हणून फोन आधी कंपनीला करायचा. आकड्यांच्या फोटोंसह तक्रार लेखी द्यायची, आणि जोडणी चुकल्याचं निघालं तर जादा आकारलेली रक्कम परत मागायची. आठ आठवड्यांत तड लागली नाही, तर एनर्जी ओम्बड्समन या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. ग्राहकाला त्याचा काही खर्च नाही. मीटरची तपासणी होईपर्यंत नव्या हीटरवर एक पौंडही घालू नका.