लहान चणीचा वेगवान रिसीव्हर कसा निवडावा

एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये दर एप्रिलला असा एखादा पोरगा हमखास असतो. उंची पाच फूट आठ-नऊ इंच, वजन १६५ पौंड, म्हणजे जेमतेम ७५ किलो, आणि चाळीस यार्ड पळायला साडेचार सेकंदही लागत नाहीत. त्याला अडवणारे कॉर्नरबॅक १९०-२०० पौंडांचे असतात आणि मैदानाच्या मधोमध टपलेले लाइनबॅकर २३०च्या घरातले. याला घ्यावं की नाही, यावर संघाच्या कचेरीत दरवर्षी दोन तट पडतात. पुढची कृती ‘घ्यावं’ म्हणणाऱ्यांसाठी आहे. न्यू जर्सी किंवा डॅलसमध्ये सोफ्यावर बसून जनरल मॅनेजरगिरी करणाऱ्या मराठी मंडळींनीही ती वापरायला हरकत नाही.

इथे आयपीएलसारखी बोली लागत नाही, एवढं नवख्यांनी आधी लक्षात घ्यावं. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात ज्याची सर्वांत जास्त धूळधाण झाली त्याचा पहिला क्रमांक. पगार निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेलाच असतो. त्यामुळे खेळाडू महाग पडला की स्वस्त, हे त्याच्यापायी तुम्ही कोणाला सोडलंत यावरून ठरतं.

१. आधी आपलं घर बघा

पोराची फिल्म लावण्याआधी आपल्या क्वार्टरबॅककडे बघा. चाळीस-पन्नास यार्ड लांब चेंडू फेकण्याइतका त्याचा हात चालतो का? आणि रिसीव्हर तिथवर पोचेपर्यंत पुढची फळी त्याला उभं राहू देते का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर हा वेग तुमच्या कामाचा नाही. यादीतून नाव काढा आणि पुढे चला.

मग प्रशिक्षकाला विचारा, याला उभा कुठे करणार? नियम असा आहे की रेषेपासून पहिल्या पाच यार्डांत बचाव करणारा रिसीव्हरला हातांनी रेटू शकतो. त्यापुढे रेटलं तर दंड होतो. लहान चणीच्या माणसाचं सगळं संकट त्या पाच यार्डांत आहे. म्हणून त्याला स्लॉटमध्ये, रेषेपासून जरा मागे उभं करतात, किंवा चेंडू सुटण्याच्या क्षणी आडवं पळतं ठेवतात. पळत्या माणसाला पकडून रेटणं अवघड जातं. मायामीत प्रशिक्षक माइक मॅकडॅनियलनं टायरिक हिलला असंच पळतं ठेवलं, आणि हिलनं २०२२ मध्ये १,७१०, तर २०२३ मध्ये १,७९९ यार्ड काढले. तुमचा प्रशिक्षक सगळ्यांना जागेवर उभं करून खेळवणारा असेल, तर हा पोरगा त्याच्या गळ्यात मारू नका. दोघांचंही नुकसान होईल.

आणखी एक प्रश्न कागदावर लिहून घ्या: ज्या डावात चेंडू याच्याकडे येणारच नाही, त्या डावात याचा उपयोग काय? ‘याच्या धाकानं सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, दहा पावलं मागे सरकतो आणि दुसऱ्याला जागा मिळते’ हे उत्तर चालेल. ‘हा ब्लॉक करेल’ हे चालणार नाही.

२. घड्याळावर किती विसंबायचं

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची सामाईक चाचणी, भरतं. तिथली चाळीस यार्डांची धाव म्हणजे ३६.५८ मीटर. २०१७ मध्ये जॉन रॉसनं ती ४.२२ सेकंदांत पूर्ण केली. २०२४ मध्ये टेक्सासचा झेवियर वर्दी आधी ४.२५ आणि मग ४.२१ पळाला. विद्यापीठाच्या मैदानावर होणाऱ्या प्रो-डेला बहुधा हातातल्या घड्याळावर वेळ घेतात आणि ती थोडी उदारच असते. कंबाइनचा आकडा आणि प्रो-डेचा आकडा एका रकान्यात कधीही लिहू नका.

पूर्ण धावेपेक्षा पहिल्या दहा यार्डांची वेळ मागवा, कारण कॉर्नरबॅकच्या हातातून निसटायचं असतं ते तिथेच. त्यानंतर प्रत्यक्ष सामन्यातला वेग बघा. एनएफएलमध्ये खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते, बऱ्याच कॉलेज संघांकडेही जीपीएसच्या नोंदी असतात. हिलनं २०१६ मध्ये चेंडू परतवताना ताशी २३.२४ मैल, म्हणजे ३७ किलोमीटरच्या वर वेग गाठला होता, तोही पॅड चढवून आणि काखेत चेंडू घेऊन. चड्डी-बनियनवर ४.३ पळणारा पोरगा सामन्यात सर्वसाधारण वेगानं पळत असेल, तर मार्ग लक्षात ठेवता ठेवता त्याचे पाय जड होतात असं समजावं.

३. काटा आणि डॉक्टरची फाइल

कंबाइनच्या आदल्या दिवशी पोटभर पाणी पिऊन काट्यावर चढणारे काही कमी नसतात. एप्रिलच्या वैद्यकीय फेरतपासणीतलं वजन खरं मानावं. डेव्हॉन्टा स्मिथ २०२१ मध्ये त्या काट्यावर १६६ पौंड भरला. सहा फूट उंचीला हे फारच कमी. तरी ईगल्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि ती निवड अगदी बरोबर ठरली. तो वेगापेक्षा पायांच्या कामावर सुटतो, म्हणून त्याला धक्के कमी बसतात.

तेव्हा काट्यापाशी फार वेळ घालवू नका. तो वेळ फाइलला द्या. प्रत्येक दुखापतीपुढे दोनच शब्दांपैकी एक लिहा: धडकेनं की आपोआप. धडकेनं मोडलेलं हाड जुळतं. पळता पळता वारंवार ताणले जाणारे स्नायू आणि शस्त्रक्रिया झालेले गुडघे वेगावर जगणाऱ्या माणसाला पुरते बुडवतात. रॉसच्या कॉलेजच्या काळातच गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. विक्रमी धावेच्या झगमगाटात सिनसिनाटी बेंगल्सनी त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या हंगामात त्यानं एकही झेल घेतला नाही, आणि सगळ्या कारकिर्दीचे मिळून त्याचे हजार यार्ड झाले नाहीत. लगेच पुढच्या, दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटी चीफ्सनी क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला घेतलं.

टँक डेलची गोष्ट वेगळी आहे. ह्यूस्टन टेक्सन्सनी त्याला २०२३ मध्ये तिसऱ्या फेरीत, ६९व्या क्रमांकावर घेतलं. पाच फूट आठ इंच, १६५ पौंड. अकरा सामन्यांत ७०९ यार्ड आणि सात टचडाउन झाले, आणि डिसेंबरात त्याचा पाय मोडला. तो झेल घेताना मोडला नाही. गोलरेषेजवळ दुसऱ्याच्या धावेसाठी ब्लॉक करताना, तीनशे पौंडांच्या माणसांच्या ढिगाऱ्यात तो सापडला. अशा ठिकाणी ७५ किलोच्या माणसाला उभं करणं हा प्रशिक्षकाचा निर्णय असतो, आणि तो टाळता येतो. निवडीच्या कागदावरच लिहून ठेवा: गोलरेषेपासून पाच यार्डांच्या आत हा बाकावर.

४. फिल्म कशी बघायची

टचडाउन वगळून बघा. साठ यार्डांचे टचडाउन यूट्यूबवर सगळ्यांनीच बघितलेले असतात. स्काउटला सांगा, कॉर्नरबॅक नाकासमोर उभा असलेलेच डाव कापून आण. खो-खोत जसा नुसता सरळ पळणारा लवकर बाद होतो आणि ऐनवेळी कमरेतून हुलकावणी देणारा टिकतो, तसंच इथेही आहे. त्याचे खांदे एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातात का, ते बघा.

मग ब्रेक बघा. हे बहुतेक जण बघतच नाहीत. लांब पळण्याच्या धाकानं कॉर्नरबॅक पाठ फिरवून पळत सुटतो. त्याच वेळी रिसीव्हर तीन पावलांत थांबून मागे वळला, तर बारा यार्ड फुकट मिळतात. थांबायला सहा पावलं लागली, तर कॉर्नरबॅक परत येतो आणि त्या वेगाची निम्मी किंमत उडते.

शेवटी हात. चेंडू छातीवर घेतो की हात लांब करून? लहान माणसाचा आवाका मुळातच कमी, त्यात छातीवर झेलायची सवय असेल तर क्वार्टरबॅकला चुकायला जागाच उरत नाही.

अलाबामातल्या मोबीलला ड्राफ्टआधीच्या सीनियर बोल सामन्याचे सराव होतात, तिथे एकास एक झुंजी बघायला मिळतात. बघाव्यात, पण त्यात मागे सेफ्टी नसतो आणि क्वार्टरबॅकवर कोणी धावून येत नाही. निम्मे गुण आधीच कापून ठेवा.

पंट परतवता येत असेल तर मात्र गुण वाढवा. डीशॉन जॅक्सननं १९ डिसेंबर २०१० रोजी जायंट्सविरुद्ध सामन्याच्या अगदी शेवटच्या डावात पंट हातून सांडला, उचलला आणि ६५ यार्ड पळून सामना जिंकून दिला. २०२४ पासून किकऑफचे नियम बदलल्यानं परतवणाऱ्याला पुन्हा काम मिळालं आहे.

५. भाव

निव्वळ वेगासाठी पहिल्या दहांत घेऊ नका. रॉसचं सांगितलंच. त्याआधी २०१३ मध्ये रॅम्सनी १६वरून वर सरकून टॅव्हॉन ऑस्टिनला आठव्या क्रमांकावर घेतलं होतं. त्याला झेलांचे हजार यार्ड एकाही हंगामात जमले नाहीत.

पहिल्या फेरीच्या शेवटी घ्यायचा, तर घरात महोम्स हवा. चीफ्सनी २०२४ मध्ये बफेलोशी सौदा करून ३२वरून २८वर उडी मारली आणि वर्दीला घेतलं. त्यासाठी ९५वा क्रमांक दिला आणि १३३वा परत मिळवला. भाव वाजवी होता. बफेलोनं नंतर ३३व्या क्रमांकावर सहा फूट तीन इंचांचा, पण ४.६१ पळणारा किऑन कोलमन घेतला. वर्दीनं पहिल्याच हंगामात सुपर बोलमध्ये १५७ यार्ड आणि दोन टचडाउन काढले. सामना चीफ्स हरले, तो भाग वेगळा.

खरा भाव दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मिळतो. जॅक्सन २००८ मध्ये ४९वा गेला, स्टीव्ह स्मिथ २००१ मध्ये ७४वा. स्मिथ उंचीनं लहान, पण १८५ पौंडांचा आणि अंगानं दणकट होता. १४,७३१ यार्ड काढून निवृत्त झाला. तरी तिथेही तुमच्या पसंतीक्रमाच्या फलकावर दुसरं कोण शिल्लक आहे ते बघूनच नाव पुकारा. रॅम्सनी २०२१ मध्ये ५७व्या क्रमांकावर असाच लहान चणीचा टूटू ॲटवेल घेतला. सेंटर क्रीड हम्फ्री तेव्हा मोकळा होता, त्याला चीफ्सनी ६३वर घेतलं आणि वर्षानुवर्षांची चिंता मिटवली. नियम साधा ठेवा: पुढच्या फळीतला माणूस फलकावर एक पायरी जरी वर असेल, तरी तो घ्या.

आणि ‘हिल तर पाचव्या फेरीत मिळाला होता’ असं कोणी म्हटलं, तर त्याला थांबवा. २०१६ मध्ये हिल १६५वा गेला तो उंचीमुळे नव्हे. घरगुती हिंसेच्या खटल्यात त्यानं गुन्हा कबूल केला होता आणि कंबाइनला त्याला बोलावलंच नव्हतं. त्या निवडीवरून चणीचा भाव काढता येत नाही.

६. घेतल्यानंतर

दहा पौंड चढवायच्या मागे लागू नका. वजन येतं आणि वेग जातो. पहिल्या वर्षी सामन्यात पंधरा-वीस डाव द्या, ठरलेल्याच जागेवरून द्या, आणि सुरुवातीलाच दोन आडवे, सोपे झेल मिळतील असं बघा.

पहिल्या फेरीत घेतला असेल तर करारात पाचव्या वर्षाचा पर्याय असतो. तो वापरणार की नाही, हे तिसरा हंगाम संपल्यावर, वसंतातच कळवावं लागतं. बेंगल्सनी रॉसचा वापरला नाही.